दिल्लीतली बॉक्स्टर एस फोटो बघून घ्यायची का? (गाडी राहणार म्हापशात)

बार्देशी

मंडळी, मार्गदर्शन हवं आहे. पोर्शे बॉक्स्टर एस, ३.४ लिटर, पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. नोंदणी दिल्लीची, नोव्हेंबर २०११. आरसीवर तिसरा मालक. ओडोमीटर ३१,००० किमी. विकणारा व्यापारी आहे. त्याने २२ फोटो आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवलाय. टोकन २ लाख, परत न मिळणारं, आणि ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, उद्यापर्यंत कळवा’ असा निरोप. दिल्लीला जाणं इतक्यात जमणार नाही. गाडी म्हापशात शेडमध्ये राहील. गाडी न बघता हा सौदा करावा का? केला तर कोणत्या क्रमाने?

पाना_बारा_तेरा

क्रम आधी सांगतो. कागद, मग तपासणी, मग टोकन. व्यापाऱ्याला तो नेमका उलटा हवा आहे. टोकन दिलं की तपासणीत काहीही निघालं तरी तुमचा हात दगडाखाली. द्यायचंच तर दहा-वीस हजार द्या, तेही ‘तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत’ असं लिहून घेऊन, आणि आरसीवरच्या किंवा व्यापाऱ्याच्या फर्मच्या नावाच्या खात्यातच. तिसऱ्याच माणसाचं खातं किंवा यूपीआय दिला तर तिथेच थांबा.

आता फोटोंबद्दल. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे बसतं. वर बोनेट नाही. ‘इंजिनाचा फोटो’ म्हणून जो येतो त्यात मागच्या डिकीतली तेल आणि कूलंट भरायची दोन झाकणं दिसतात, बाकी काही नाही. इंजिन बघायचं तर गाडी लिफ्टवर घेऊन खालून, नाहीतर कापडी छप्पर सर्व्हिस पोझिशनला (दुरुस्तीसाठी अर्धवट उचललेलं) नेऊन वरचं कव्हर काढून. म्हणजे तुमच्या २२ फोटोंपैकी एकातही गाडीचा सगळ्यात महाग भाग नाही.

डिकीचा फोटो मात्र पुन्हा मागवा, कार्पेट उचलून. कूलंटची टाकी तिथेच असते. तिला चीर गेली की कार्पेटखाली गुलाबीसर डाग आणि ओल राहते.

म्हादई

कागदांचं मी लिहिते, कारण या गाडीत खरी गोम तिथेच आहे.

नोंदणी नोव्हेंबर २०११, म्हणजे १५ वर्षं नोव्हेंबर २०२६ ला भरतात. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर दिल्ली-एनसीआरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे त्यावर आणखी आदेश आले, पण बाजारावरचा परिणाम टिकून आहे. तिथला मालक मुदत संपायच्या आत गाडी बाहेरच्या राज्यात काढू बघतो. ‘दिल्लीत स्वस्त मिळते’ याचं हे कारण. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. भाव करताना हे लक्षात ठेवा.

गोव्यात आणल्यावर खर्च कुठे कुठे येतो ते बघा. दिल्लीच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर. मालकी बदलासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर जीए क्रमांक घ्यावाच लागतो, त्याला फॉर्म २७. गोव्याचा रस्ता कर वेगळा. दिल्लीत भरलेल्या करातलं जे काय परत मिळेल ते १५ वर्षं संपत आल्यामुळे नगण्य, ते हिशेबात धरूच नका. मग नूतनीकरण, फॉर्म २५, फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ पासून आयात केलेल्या खासगी मोटारीची नूतनीकरण फी ४०,००० रुपये आहे. साध्या मोटारीला ५,००० लागतात, म्हणून लोकांना हा आकडा ऐनवेळी कळतो.

सौद्याआधी म्हापशाच्या आरटीओत गाडीचा चेसिस नंबर, मूळ बिलाची किंमत आणि नोंदणी तारीख घेऊन जा आणि कराचा आकडा काढून घ्या. एजंटच्या तोंडी अंदाजावर २०-२५ लाखांचा सौदा करू नका.

तिसवाडीकर

म्हादईताईंनी लिहिलंय त्यात थोडी भर.

एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचा अनुक्रमांक, विम्याची तारीख, बँकेचा बोजा आणि ब्लॅकलिस्टची नोंद बघा. बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्र दोन्ही हवेत. ‘कर्ज फिटलंय, फक्त नोंद राहिली आहे’ असं सांगितलं तर ती नोंद निघाल्यावर पैसे द्या. थकलेली ई-चलनं बघा, ती राहिली तर हस्तांतर अडतं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) डिजिटल पोलीस पोर्टलवर वाहन एनओसीची सोय आहे. चेसिस आणि इंजिन नंबर टाकला की चोरीच्या नोंदी तपासून उत्तर मिळतं.

व्यापाऱ्याबद्दल दोन गोष्टी. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते फॉर्म २९बी वर मिळतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने द्यायची असते. हे दोन्ही मागा. नसतील तर तो नुसता मध्यस्थ आहे आणि गाडीची जबाबदारी कागदावर त्याच्याकडे नाही. दुसरं म्हणजे जीएसटी. जुन्या गाडीवर तो व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. किमतीवर वेगळा १८ टक्के लावून मागितला तर नकार द्या.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लेटरहेडवर, ठरावासकट. तिसरा मालक म्हटल्यावर हे हमखास विचारा.

बार्देशी

धन्यवाद. बोजा नाही, आताच बघितलं. विमा मात्र चार महिन्यांपूर्वी संपलाय. आणि एक शंका. बॉक्स्टरच्या आयएमएस बेअरिंगबद्दल फार वाचतोय, त्याची भीती या गाडीला आहे का?

पाना_बारा_तेरा

या गाडीला नाही. आयएमएस म्हणजे इंजिनाच्या आतली मधली शाफ्ट आणि तिच्या टोकाचं बेअरिंग. ते प्रकरण एम९६ आणि एम९७ इंजिनांचं, साधारण १९९७ ते २००८. २००९ पासून ९८७ च्या, म्हणजे बॉक्स्टरच्या तुमच्या पिढीच्या, दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या ९ए१ इंजिनात ती शाफ्टच नाही. म्हणून तुम्ही २००९ नंतरची गाडी बघताय हे बरोबर आहे. कोणी २००६-०७ ची स्वस्तात दाखवली तर मात्र आयएमएस आणि सिलिंडरच्या भिंतींवरचे ओरखडे, दोन्ही धरून बोला. ३.४ च्या एम९७ मध्ये ओरखडे जास्त सापडतात. स्पार्क प्लगच्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घातल्याशिवाय ते कळत नाहीत. आवाजावरून कळेपर्यंत इंजिन गेलेलं असतं.

तुमच्या गाडीत बघायचं ते असं. एस मध्ये थेट इंधन फवारणी आहे, तिचा उच्च दाबाचा पंप थकतो. गरम इंजिन चालू व्हायला वेळ लागणं, जोर देताना अडखळणं ही त्याची लक्षणं. वॉटर पंप झिरपतो. पीडीकेत दोन वेगळी तेलं असतात, क्लचच्या बाजूचं एक आणि गिअरच्या बाजूचं दुसरं. क्लचचं तेल किलोमीटर कमी असले तरी वर्षांच्या हिशेबाने बदलायचं असतं. ‘फक्त ३१ हजार चालली, तेल कशाला’ म्हणणारा मालक इथेच चुकतो. सर्व्हिस बिलात पीडीकेच्या तेलाची ओळ वेगळी शोधा. नसेल तर ते काम तुमच्या खर्चात धरा. पीडीकेच्या आतला सेन्सर गेला तर गिअरबॉक्स उतरवूनच काम होतं, म्हणून टेस्ट ड्राइव्हमध्ये रिव्हर्स, डी आणि मॅन्युअल तिन्हींत, थंड आणि गरम दोन्ही वेळा गिअर पडताना झटका येतो का ते बघायला सांगा.

फोंड्याचा_फ्लायव्हील

३१,००० किमी खरे की खोटे हे घरबसल्या बऱ्यापैकी कळतं. पोर्शेच्या डीएमईमध्ये, म्हणजे इंजिन कंट्रोलरमध्ये, इंजिन किती तास चाललं त्याची नोंद असते. पिविसने काढलेला रिपोर्ट मागा, पिविस म्हणजे पोर्शेचा स्वतःचा स्कॅनर. किलोमीटरला तासांनी भागा. ३१,००० भागिले १,१५० तास म्हणजे ताशी २७. दिल्लीच्या रहदारीत हे पटतं. तेच तास २,३०० निघाले तर ताशी साडेतेरा. गाडी एवढ्या सावकाश कोणी चालवत नाही, मग आकडा मागे फिरवलाय असं समजा.

त्याच रिपोर्टमध्ये ओव्हररेव्हचे, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या नोंदींचे, सहा टप्पे येतात. पहिले तीन फारसे मनावर घेऊ नका. चार, पाच, सहा मध्ये नोंदी असतील तर त्या कोणत्या तासाला झाल्या ते बघा. पीडीकेत चुकीचा गिअर पडून इंजिन मर्यादेपलीकडे जायची शक्यता जवळपास नाही, त्यामुळे वरच्या टप्प्यांत आकडे दिसले तर इंजिन किंवा कंट्रोलर बदललाय का हा प्रश्न विचारा.

साधा ओबीडी स्कॅनर असेल तरी एक गोष्ट बघता येते. फॉल्ट कोड पुसून किती किलोमीटर झाले आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण आहेत का. तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसले तर मॉनिटर अपुरे दिसतात. असं दिसलं तर ५०-६० किमी चालवून पुन्हा स्कॅन करायला लावा.

तिसवाडीकर

पूर राहिला. जुलै २०२३ मध्ये यमुना जुन्या रेल्वे पुलापाशी २०८.६६ मीटरवर गेली होती. सिव्हिल लाइन्स, काश्मिरी गेट, आयटीओ भागात पाणी शिरलं. गाडी तेव्हा कुठल्या पत्त्यावर होती ते विमा पॉलिसी आणि सर्व्हिस बिलांवरून काढा. बेसमेंट पार्किंगला पूर लागायला नदी लागत नाही, एक मोठा पाऊस पुरतो.

पाना_बारा_तेरा

आणि बॉक्स्टर बुडायला पूरही लागत नाही. छपराच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या असतात. त्यांत पानं अडकली की पाणी आत उतरतं आणि सीटखाली साचतं. अलार्म आणि इमोबिलायझरचा कंट्रोलर सीटखालीच बसवलाय. तो भिजला की गाडी चालू होत नाही, सेंट्रल लॉकिंग वेड्यासारखं वागतं. नवीन कंट्रोलर गाडीला कोड करून घ्यावा लागतो.

म्हणून व्हिडिओ कॉलवर हे करायला लावा: सीट पुढे-मागे सरकवून रुळांचे बोल्ट टॉर्चने दाखवा, कार्पेटची कड उचलून खालचा फोम हाताने दाबा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून ठेवा. बेल्टचा आतला भाग कधी धुतला जात नाही, गाळाची रेघ तिथे राहते. त्याच बेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर उत्पादनाची तारीख असते. गाडी २०११ ची आणि बेल्ट २०१६ चा असेल तर एअरबॅग उघडण्याइतका अपघात झाला होता का, हे विचारावंच लागेल.

जुवारी_पूल

रंगाबद्दल. मायक्रॉन मीटर, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २५०-३०० म्हणजे वरून पुन्हा रंगवलंय. ५०० च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे. नुसता एक बंपर रंगवला असेल तर घाबरू नका, खाली बसणाऱ्या गाडीच्या पुढच्या बंपरला दगड लागतातच. बंपर प्लास्टिकचा, त्यावर हे मीटर चालतही नाही. दाराच्या चौकटी, छताजवळचे खांब, पुढच्या डिकीच्या आतली कड, इथले आकडे महत्त्वाचे.

फोटो ओल्या गाडीचे किंवा संध्याकाळचे असतील तर ते बाद धरा. पाण्याखाली रंगातला फरक, ओरखडे, धुरकटलेलं क्लिअरकोट काहीच दिसत नाही. दुपारी सावलीत, कोरड्या गाडीचे, पत्र्याला समांतर कोनातून काढलेले मागवा.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने भरलेले दिसतात पण सहा वर्षांवरचं रबर कडक होतं, पावसाळी रस्त्यावर धोक्याचं. चारही एकाच कंपनीचे आणि बाजूवर पोर्शेने मान्य केल्याची ‘एन’ खूण आहे का ते बघा. कॅलिपर पिवळे असतील तर डिस्क सिरॅमिकच्या आहेत, त्या बदलायच्या झाल्या तर सौद्याचं गणितच बदलतं. एस ला लाल कॅलिपर आणि लोखंडी डिस्क असतात. लाल दिसले तर चांगलं. आणि पिवळा नुसता रंगही असू शकतो, डिस्क बघूनच ठरवा.

म्हादई

विम्याची अडचण बघा. तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग विमा कंपनीला कळवून आपल्या नावावर करून घेतल्याशिवाय तुम्हाला उपयोगी नाही. त्यासाठी हस्तांतरापासून १४ दिवस असतात. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही. तुमच्या बाबतीत पॉलिसीच संपली आहे, म्हणजे नवीन काढताना कंपनी गाडीची तपासणी करणार आणि १५ वर्षांच्या आसपासच्या गाडीला बऱ्याच कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत. आधी लेखी कोटेशन घ्या. कॅरिअरवर चढवण्याआधी विमा चालू झालेला हवा, शिवाय त्या एका प्रवासाचा ट्रान्झिट विमा वेगळा. कॅरिअरवाल्याच्या बिल्टीवरची जबाबदारी अशा गाडीला पुरत नाही.

शिरसईचा_बोल्ट

मला बॉक्स्टर परवडत नाही. याच पद्धतीने टीटी, झेड४, एसएलके किंवा ३७०झेड बघायची तर वेगळं काय?

फोंड्याचा_फ्लायव्हील

थोडक्यात. ऑडी टीटी दुसरी पिढी: पुढचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियम, मागचा पोलादी, त्यामुळे लोहचुंबक फसवतं. दोन्ही धातू मोजणारं मीटर हवं. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सचं तेल दर ६०,००० किमीला, हॅल्डेक्सचं (चारचाकी ताकद देणाऱ्या क्लचचं) वेगळं. बीएमडब्ल्यू झेड४ ई८९ मध्ये एन५४ इंजिन असेल तर उच्च दाबाचा पंप, इंजेक्टर, टर्बोच्या वेस्टगेटचा खडखडाट आणि इलेक्ट्रिक वॉटर पंप. छप्पर दोनदा पूर्ण उघडून-मिटून बघा, डिकीच्या बिजागरापाशी वायरी तुटतात. बीएमडब्ल्यूच्या किल्लीत किलोमीटर साठवलेले असतात, ते वाचून घेता येतात. मर्सिडीज एसएलकेला छपराचे हायड्रॉलिक सिलिंडर गळतात, डिकीत आणि छताच्या अस्तरावर तेलाचे डाग शोधा. निसान ३७०झेड मॅन्युअलला क्लचचा आतला स्लेव्ह सिलिंडर जातो, पेडल खालीच राहतं. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत ऑइल गॅलरीचं गॅस्केट फाटून तेलाचा दाब पडतो. गरम इंजिन, न्यूट्रल, तेव्हाचा दाब व्हिडिओवर बघा. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, हे धरूनच भाव करा.

परदेशातून आणलेली म्हणून कोणी गाडी दाखवली तर मूळ बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद, हवंच. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर धाडी घातल्या आणि गाड्या जप्त झाल्या त्या शेवटच्या मालकाच्या दारातून.

बार्देशी

व्यापाऱ्याला सांगितलं की तपासणी पोर्शेच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये हवी. तो म्हणतो ‘आमचा माणूस करून देतो, रिपोर्ट पाठवतो’.

पाना_बारा_तेरा

नाही चालणार. तपासणीचे पैसे तुम्ही भरायचे, रिपोर्ट थेट तुमच्या ईमेलवर यायचा. पोर्शेची १११ मुद्द्यांची तपासणी असते, गुरुग्रामच्या केंद्रात चेसिस नंबर देऊन वेळ आणि दर विचारा. त्यात पिविस रिपोर्ट, लिफ्टवरचे फोटो आणि ऑइल फिल्टर कापून आतली घडी बघणं हे वेगळं सांगून करून घ्या. घडीत चमकणारे कण दिसले तर सौदा तिथेच संपला. पुढच्या जाळ्यांतून टॉर्च मारून एसीचा कंडेन्सर बघायला सांगा. बॉक्स्टरचे रेडिएटर आणि कंडेन्सर पुढच्या दोन कोपऱ्यांत असतात. मधल्या फटीत पाला साचतो, ओल धरतो आणि कंडेन्सर सडतो. गोव्यात आणल्यावर हेच काम दर पावसाळ्यानंतर तुम्हालाही करायचं आहे.

गाडी तिथे न्यायच्या दिवशी निघण्याआधी इंजिन पूर्ण थंड हवं. सकाळी चालू करायच्या आधीच व्हिडिओ कॉल लावा, तापमानाचा काटा तळाला दाखवायला सांगा, मग स्टार्ट. आडव्या सिलिंडरच्या इंजिनातून पहिल्यांदा थोडा निळसर धूर येऊन थांबला तर चालतं. दोन मिनिटांनी येतच राहिला तर तेल वेगळं करणारा सेपरेटर गेलाय.

व्यापारी यातलं काहीच करू देत नसेल तर मोपाहून दिल्लीचं विमान अडीच तासांचं आहे. तेवढा खर्चही नको असेल तर ही गाडी सोडा. बॉक्स्टर पुन्हा मिळते.

जुवारी_पूल

जमलंच तर उचलण्याच्या दिवसाचं. बंद कॅरिअर किंवा फ्लॅटबेड घ्या, उघड्या दुमजली कॅरिअरवर नको. उताराला लांब फळ्या हव्यात, नाहीतर पुढचा ओठ घासतो. चढवताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ, ओडोमीटरसकट. दोन किल्ल्या, चाकाच्या लॉक बोल्टचं सॉकेट, ओढण्याचा हूक, सर्व्हिस पुस्तिका ही यादी ड्रायव्हरकडून सही करून. सॉकेट नसेल तर म्हापशात पंक्चर काढतानाही अडचण येईल.

बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेवर उघडते. प्रवासात बॅटरी उतरली तर: पायाजवळच्या फ्यूजबॉक्समधला लाल टर्मिनल बाहेर ओढा, त्याला बाहेरच्या बॅटरीचा प्लस लावा, मायनस दाराच्या लोखंडी कडीला, मग किल्लीवरून डिकी उघडा. हे छापून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा.

म्हादई

ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ. तोपर्यंतची चलनं त्याची, पुढची तुमची. शेवटचे पैसे एनओसी हातात आल्यावर. रोख दोन लाखांच्या खालीच, बाकी सगळं बँकेतून. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पण ती व्यापाऱ्याविरुद्ध. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला तो मार्ग सहसा मिळत नाही, म्हणून बिल कोणाच्या नावाने फाडतोय ते आजच विचारून ठेवा.

बार्देशी

विचारलं. बिल मूळ मालकाच्या नावाने देणार म्हणतोय, फॉर्म २९सी ‘नंतर बघू’. टोकन थांबवलंय. गुरुग्रामला तपासणीची वेळ मिळतेय, तिथे गाडी आणायला तो तयार झाला तर इथे रिपोर्ट टाकतो.